भूमी कुणाला हसली?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध १२, अध्याय ३. सुरुवातीचे चौदा श्लोक, बस. पुढे जाताच आलं नाही.

प्रसंग आठवा. परीक्षित राजाचे सात दिवस संपत आलेत. तक्षक येणार हे ठरलेलं आहे. दहावा स्कंध झाला, अकरावा झाला. आणि अगदी शेवटी शुकदेव मरणाच्या दारात बसलेल्या एका राजाला सांगतात, की राजा, ही भूमी राजांना हसते.

का हसते? तर प्रत्येक राजाचा बेत ठरलेला असतो. आधी इंद्रियं जिंकू, मग मंत्री हाताशी घेऊ, मग नगर, मग शत्रू, मग समुद्रापर्यंतची जमीन. एकापुढे एक पायरी. (आमच्या ऑफिसात याला रोडमॅप म्हणतात.) मृत्यू शेजारीच बसलेला असतो, तो मात्र या बेतात कुठेच नसतो. भूमी म्हणते, मनू आणि त्याची मुलंसुद्धा मला इथेच टाकून गेली, आणि हे म्हणतात ‘माझी’!

मग ती नावं घेते. पृथू, पुरूरवा, गाधी, नहुष, भरत, मांधाता, सगर, राम, खट्वांग, रघू, ययाती, शंतनू, भगीरथ, नृग... आणि त्याच दमात हिरण्यकशिपू, वृत्र, रावण, नरकासुर, हिरण्याक्ष. मध्ये रेघ नाही. चांगले इकडे, वाईट तिकडे असं काही नाही. सगळ्यांची फक्त कथा उरली, इतकंच.

मला हे दर वर्षी खटकतं. रामाचं आणि रावणाचं नाव एकाच यादीत? मग पृथूने प्रजेला पोसलं काय आणि हिरण्यकशिपूने छळलं काय, भूमीला सारखंच का? शेवटी सगळे जातातच, म्हणून कोण कसा वागला याला अर्थ उरत नाही का? आपल्यातले बरेच जण वैराग्याचा अर्थ असाच काढतात. मीही काढायचो. ‘सब मोह माया है’ म्हणून मोकळं व्हायचं.

या वेळी हा अध्याय वाचताना मनात एक दगड होता. म्हणजे खरोखरचा दगड. त्याची गोष्ट सांगतो.

आमचं गाव अड्याळ. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागतं. रोवणीच्या दिवसांत चार दिवस गावी गेलो होतो. गावातल्या एका देवळाच्या पायऱ्या आजोबांनी बांधून दिल्या होत्या आणि पहिल्या पायरीच्या बाजूला एका गोट्यावर त्यांचं नाव होतं. लहानपणी मी ते नाव बोटाने गिरवायचो. या वेळी गेलो तर पायऱ्यांवर चकचकीत टाइल्स. गोटा नाही. त्याच्या जागी ग्रॅनाइटची पाटी, त्यावर नवीन देणगीदारांची नावं, रकमेसकट.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन बाबांवर चिडलो, की तुम्ही इथे असता, तुम्ही बोलला कसे नाहीत? बाबा परे उपटून आले होते, पाय चिखलाने भरलेले. ते म्हणाले, “गोटा गेला तं गेला. पायरी हाये ना?”

“पण आबांचं नाव बाबा!”

“तुह्या आज्याले वाचता येत होतं का रे बाबू? नाव त्या मिस्त्र्यानं टाकलं, त्याच्या मनानं.”

मी गप्प बसलो, पण राग काही गेला नाही. आणि त्या रागात मला आमच्याच भागातला दुसरा एक दगड आठवला.

पवनीच्या पुढे, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथे एक मोठी शिळा सापडली. तिच्यावर दोन लेख आहेत. एक अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत. त्यात कुणा स्वामीची आज्ञा आहे, की इथे प्राणी पकडायचे नाहीत, मारायचे नाहीत, आणि ऐकलं नाही तर दंड होईल. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या शिळेचा अभ्यास केला. त्यांच्या मते ही आज्ञा अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी. धर्ममहामात्र म्हणजे धर्माची कामं पाहायला अशोकाने मुद्दाम नेमलेले अधिकारी.

दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी आला. वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. त्याने तिथे धर्मस्थान उभारलं आणि त्याची नोंद कोरायला हीच शिळा घेतली. नवा दगड आणला नाही. आधीच्या आज्ञेच्या अंगावरच आपलं नाव चढवलं. गावाचं नाव दोन्ही लेखांत जवळजवळ तेच, चिकंबरी आणि चिक्कंबुरी. गाव एकच, दगड एकच, राजे दोन.

आता बघा, आपल्याला तुलना करायला किती आवडतं. अशोक मोठा की समुद्रगुप्त, मौर्य की वाकाटक, यावर रात्रभर वाद घालणारे मित्र माझेही आहेत. कुणाचं साम्राज्य किती लांब, कुणाची लेणी किती. वाकाटकांच्या राज्यात अजिंठ्याची सर्वात सुंदर लेणी खोदली गेली, म्हणून विदर्भातली माणसं जरा जास्तच छाती फुगवतात. मीही फुगवतो. पण देवटेकच्या शिळेपुढे ही सगळी मापं तोकडी पडतात. प्रश्न साधा होतो : तुझ्या आधी कुणी चांगलं करून ठेवलं असेल, तर तू त्याचं काय करतोस?

आधी अशोक. आमच्या भागात तो नुसता इतिहासाच्या पुस्तकातला राजा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी अशोकाचं नाव आदराने घेतलं जायचं. पवनीत जगन्नाथ टेकडीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, मोठा स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं आहेत. म्हणजे आमच्या आजोबांसारखीच माणसं.

अशोकाचं मला सर्वात काय भावतं सांगू? त्याचा प्रामाणिकपणा. पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता फक्त तीन : दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. हे ‘तीन’ त्याने लपवलं नाही. इतका खरा स्टेटस रिपोर्ट मी बारा वर्षांच्या नोकरीत एकदाही लिहिलेला नाही! तेराव्या शिलालेखात कलिंगचा हिशोब आहे. दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचं असं वर्णन दगडावर कोरून ठेवायचं, ही गोष्ट साधी नाही. दहाव्या लेखात तर तो म्हणतो, की यश आणि कीर्ती याला मी फार किंमत देत नाही. लोक धर्माने वागले तरच त्या कीर्तीला अर्थ.

पण त्याला एकदम संत करून टाकू नये. त्याच कलिंगच्या लेखात तो जंगलातल्या लोकांना बजावतो, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे, जपून राहा. आमचा भाग म्हणजे झाडीपट्टी. ती धमकी वाचताना मला कायम वाटतं, ही आमच्याच कुणा पूर्वजाला दिली असेल. देवटेकच्या आज्ञेतही दया आहे, पण दंडासकट.

आणि ज्या कीर्तीची त्याला पर्वा नव्हती ती खरोखरच गेली. बाराव्या स्कंधाच्या पहिल्याच अध्यायात मौर्यांची वंशावळ येते, त्यात ‘अशोकवर्धन’ हे एक नाव. बाकी काही नाही. कलिंग नाही, शिलालेख नाहीत. त्याची लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती वाचली तेव्हाही हा ‘देवांना प्रिय, प्रियदर्शी’ राजा कोण, हा घोळ होताच. त्याचं खरं नाव असलेला लेख १९१५ मध्ये कर्नाटकात मस्कीला सापडला, तोही सोन्याच्या खाणीवरच्या एका इंजिनिअरला. भूमी हसली असेल तेव्हा.

मग रुद्रसेन. त्याच्या वंशजांच्या ताम्रपटांत तो महाभैरवाचा परमभक्त म्हणून येतो. म्हणजे तो आपल्यातलाच, भक्त. देवासाठी काहीतरी उभारत होता. त्याने जुनी आज्ञा मुद्दाम मोडायला ती शिळा घेतली, की हाताला आली म्हणून घेतली? ती अक्षरं त्याच्या दरबारात कुणाला वाचता तरी येत होती का? त्याच्या मनातलं मी ठरवू शकत नाही. पण त्याच्या मनात काहीही असो, घडलं ते घडलंच. ‘प्राणी मारू नका’ यावर राजाचं नाव आलं, तेही धर्माच्या कामासाठी. भक्त म्हणून मला हे गिळायला जड जातं. देवाचं काम आहे असं म्हटलं की छिन्नी उचलताना हात थरथरत नाही.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात आली. देवटेकच्या त्या पहिल्या लेखात राजाचं नावच नाही. नुसता ‘स्वामी’. म्हणजे त्यावर लिहून रुद्रसेनाने कुणाची कीर्ती पुसली नाही. त्या आज्ञेच्या आधाराने जगणारी हरणं होती, पाखरं होती, मासे होते. नुकसान झालं असेल तर त्यांचं.

राजांना ही भीती नेहमी होतीच. वाकाटकांचे ताम्रपट शेवटी शापावर येतात, की हे दान कुणी हिरावून घेतलं तर त्याला अमुक पाप लागेल. आपण गेल्यावर पुढचा काय करेल याचा भरवसा नाही, म्हणून शाप. पुढच्याकडून आपण जपणूक मागतो आणि मागच्याचं आपण जपतोच असं नाही.

त्याच घराण्यातली प्रभावतीगुप्ता मला जास्त जवळची वाटते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, रुद्रसेनाच्या पणतवाची... नाही, थांबा. पहिल्या रुद्रसेनाचा मुलगा पृथिवीषेण, त्याचा मुलगा दुसरा रुद्रसेन, त्याची ही राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, राज्य हिच्या अंगावर. नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या रामटेकजवळच्या नगरधनहून, ती कारभार पाहायची. तिच्या ताम्रपटात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते आणि भगवंताची भक्त म्हणवते. दान देताना ती ते आधी भगवंताच्या चरणी निवेदन करते, मग ब्राह्मणाला देते. नंतरचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ लिहिलं, रामाने बांधलेल्या सेतूचं काव्य. मला हे घर आवडतं. पण तिच्याही ताम्रपटात सुरुवातीला माहेरच्या गुप्तांची वंशावळ आहेच, सासरची नाही! नावाचा मोह अगदी सुटला होता असं नाही म्हणता येणार.

आता माझी गोष्ट. ही सांगायची नव्हती. पण आजोबांच्या गोट्यावरून मी ज्या तोऱ्यात बाबांवर ओरडलो, त्यानंतर लपवण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक सीनियर होते. दुकानदारांना पैसे चुकते करायचा जो हिशोब असतो, तो सगळा कोड त्यांनी चार वर्षं खपून लिहिला होता. ते सोडून गेले आणि तो कोड माझ्याकडे आला. जुनाट होता, हे खरं. मी तो नव्या पद्धतीने लिहायला घेतला. पण लिहिताना त्यांचा अर्ध्याहून जास्त भाग तसाच उचलला. आणि नव्या ठिकाणी ठेवताना जुना इतिहास बरोबर आणला नाही. कोणती ओळ कोणी लिहिली हे बघायची सोय असते, तिथे आता प्रत्येक ओळीपुढे माझं नाव दिसतं. सुरुवातीच्या फाइलमध्ये त्यांनी मदत करणाऱ्यांची नावं लिहिली होती, ती ‘स्वच्छता’ म्हणून मी काढली. मोठ्या मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या. त्या वर्षी प्रमोशन झालं.

एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला समजावलंही असतं. नोकरीत हे चालतंच, नाव काय, मोह माया. पण त्या कोडमध्ये एक टीप होती. ‘ही अट विचित्र वाटेल, पण काढू नका’, आणि खाली कारण. लहान दुकानदारांची रक्कम एका मर्यादेच्या खाली असली तर ती अडकून राहायची, ती वेगळ्या वाटेने सोडण्यासाठी ती अट होती. मला ती टीप लांबलचक वाटली. टीपही काढली आणि अटही. पुढच्या महिन्यात शेकडो छोट्या दुकानदारांचे पैसे अडकले. किराणा, इस्त्री, पंक्चरवाले. रक्कम आमच्या दृष्टीने चिल्लर. त्यांच्या दृष्टीने आठवड्याचा माल. दुरुस्त व्हायला अकरा दिवस लागले. मी सांगितलं, की जुन्या कोडमधला दोष आहे.

तर छिन्नी कुणाच्या हातात होती, हे मला देवटेकला जाऊन शोधायची गरज नाही.

परत भागवताकडे येतो, कारण उत्तर तिथेच मिळालं, आणि तेही ज्या नावापासून भूमी हसायला सुरुवात करते त्या नावात. पृथू.

चौथ्या स्कंधात पृथूच्या आधी वेन येतो. वेनाने यज्ञ-दान बंद करवलं आणि मलाच भजा म्हणाला. त्याच्या वाट्याला एक अध्याय. पृथूला तब्बल नऊ. म्हणजे भागवताला दोघे सारखे नाहीत, हे नुसतं अध्याय मोजले तरी कळतं. राज्याभिषेक होतो, सूत-मागध स्तुती सुरू करतात, तर पृथू हसून त्यांना थांबवतो, की अरे, मी अजून काही केलेलंच नाही, कशाची स्तुती करता? करायचीच तर भगवंताची करा. (भाट काही ऐकत नाहीत. पुढचा पूर्ण अध्याय स्तुतीच आहे. भाटांचं सगळीकडे सारखंच.) पुढे त्याचे नव्याण्णव अश्वमेध होतात, शंभराव्याला इंद्र घोडा चोरतो, भांडण पेटतं. ब्रह्मदेव येऊन सांगतात, की नव्याण्णववर थांब. आणि तो थांबतो. शंभरला एक कमी असताना थांबायला काय लागतं, हे ज्याचं अप्रेझल एका गुणाने हुकलंय त्याला विचारा.

पण खरी गोष्ट मधल्या दोन अध्यायांत आहे. प्रजा उपाशी आहे, भूमीने धान्य आत ओढून घेतलंय. पृथू धनुष्य घेऊन तिच्या मागे लागतो. ती गाय होऊन पळते, मग थांबते आणि त्याला उत्तर देते. म्हणते, ज्यांनी माझा सांभाळ केला नाही तेच मला ओरबाडून खात होते, म्हणून मी बी लपवलं. तुला हवं असेल तर दूध काढ, वासरू आण, भांडं आण. आणि मग ती एक मागणं मागते. राजा, मला सपाट कर, म्हणजे देवाने पाडलेलं पाऊसपाणी पावसाळा सरल्यावरही माझ्यावर टिकून राहील.

हे वाचलं आणि मी अड्याळलाच पोचलो. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. पावसाचं पाणी अडवून धानाला द्यायचं, हेच इथलं सगळं शास्त्र. बांध्या सपाट करायच्या, वरच्या अंगाला बोडी किंवा तलाव खोदायचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी राजाची रीत होती असं सांगतात. पुढे मालगुजार आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव म्हणतात. राजा गेला, मालगुजार गेला, नावात ‘माजी’ तेवढं राहिलं. पाणी अजून येतं. तिकडे पवनीजवळ वैनगंगेवर एवढं मोठं धरण झालं, कागदावर त्याचं नाव इंदिरासागर. आमच्याकडे कुणालाही विचारा, गोसीखुर्दच म्हणणार.

बाबांना मी विचारलं होतं, आपल्या शेताच्या वरची बोडी कुणी खोदली? ते म्हणाले, “कोनं खोदली काय मालूम. पन गाळ नाही काढला तं आपनच बुजवली म्हनतीन लोकं.”

तर मला आता भूमीचं हसणं असं कळतं. ज्या भूमीने पृथूकडे सपाट करून मागितलं, तीच बाराव्या स्कंधात त्याचं नाव पहिलं घेऊन हसते. ती सपाटीला हसत नाही. ‘माझी’ या शब्दाला हसते. पृथूने ‘माझी’ म्हटलं असो वा नसो, लोकांनी त्याच्या नावावरून तिला पृथ्वी केलं, आणि तेही नाव आता कुणाचं म्हणून कुणी घेत नाही. म्हणून यादीत राम आणि रावण शेजारी बसू शकतात. नाव कुणाचंच टिकत नाही, तिथे भेद नाही. भेद आहे तो त्यांच्या राज्यात कोण जगलं आणि कोण उपाशी मेलं यात, आणि त्यासाठी भागवताने आधीचे स्कंध खर्च केलेत. शुकदेव परीक्षिताला सांगतात, की या राजांच्या कथा मी ज्ञान आणि वैराग्यासाठी सांगितल्या, वाणीचा विलास आहे, परमार्थ नव्हे. बरोबर. पण वैराग्य कशाचं? स्वतःच्या नावाचं. दुसऱ्याचं नाव पुसून ‘मोह माया’ म्हणणं हे वैराग्य नाही, ती चोरी आहे. बाबा आजोबांचा गोटा सोडू शकतात, तो त्यांचा आहे. मी त्या सीनियरचं नाव सोडू शकत नाही, कारण ते माझं नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, मग देवळातल्या ग्रॅनाइटवाल्यांनीही आजोबांचं नाव पुसलंच ना. हो, पुसलं. त्यावर माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या रागाचा मला आता हक्क किती, हा प्रश्न आहे.

पुण्याला परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. जुना कोड संग्रहात शिल्लक होता, तो शोधून त्याचा सगळा इतिहास नव्याला जोडायचं काम घेतलं. किचकट आहे, दोन शनिवार-रविवार गेले, अजून झालेलं नाही. मॅनेजर विचारतो, याचा धंद्याला फायदा काय? मला सांगता आलं नाही. ती टीप मात्र परत जशीच्या तशी घातली, खाली त्यांचं नाव. आणि त्या अकरा दिवसांचा दोष जुन्या कोडचा नव्हता, माझा होता, हे टीमच्या मीटिंगमध्ये सांगितलं. कुणी काही बोललं नाही. एकाने विचारलं, “हे आत्ता का?”

दुसरी गोष्ट, त्या सीनियरना मेसेज केला. लांबलचक लिहिला, मग खोडला, मग चार ओळींचा पाठवला. निळ्या खुणा दिसतात. उत्तर आलेलं नाही. येईलच असं नाही, आणि आलं तर गोड असेल असंही नाही.

काल बाबांचा फोन आला. रोवणी आटोपली. बोलता बोलता म्हणाले, तो गोटा सापडला. टाइल्सवाल्याने बाजूला टाकला होता, कुणीतरी उचलून नहराच्या काठी आडवा घातलाय, पलीकडे जायला. नाव खालच्या अंगाला गेलंय.

मी म्हटलं, घरी आणू का पुढच्या वेळी?

“राहू दे,” बाबा म्हणाले. “बाया डोक्यावर परे घेऊन त्याच्यावरूनच जाते.”

उद्या याच अध्यायाचा पुढचा भाग, युगधर्म. राम कृष्ण हरी.